कामाची वेबसाइट कशी शोधावी?



ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी मला फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानावरच्या दहा चांगल्या वेबसाइट सांगा, लोक लिहून घेतील." दहा नावं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण दोन-तीन वर्षांनी त्यातल्या काही बंद पडलेल्या असतील, काही विकल्या गेलेल्या असतील, आणि तुम्ही पुन्हा जिथल्या तिथे. नावं मी सांगणार आहेच. त्याआधी ती सापडतात कशी, ते बघू.

सुरुवात एका घरच्या गोष्टीने करतो. माझ्या मामेभावाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एका लग्नाचे फोटो असलेलं मेमरी कार्ड त्याच्या हातून चुकून फॉरमॅट झालं. रात्रीचे अकरा वाजलेले. घाबरून त्याने इंटरनेटवर "बेस्ट फ्री फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअर" असं टाकलं, सगळ्यात वर जे आलं ते घेतलं. त्यात फोटो छोटे छोटे दिसायला लागले. मग ते पैसे मागायला लागलं. याने भरले. "कुठे साठवू?" असं विचारल्यावर याने तेच कार्ड निवडलं. त्या सॉफ्टवेअरने एका शब्दाने अडवलं नाही. सकाळी बघतो तर हळदीचे फोटो आलेले, आणि अक्षतांच्या वेळचे बहुतेक सगळे अर्धे राखाडी. मुलीचे आजोबा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. त्यांचे शेवटचे फोटो त्यातच होते.

आता हे झालं कसं, ते या ग्रंथालयातल्याच उदाहरणाने सांगतो. फोटो डिलीट केला किंवा कार्ड साधं फॉरमॅट केलं, की बहुतेक वेळा फोटो लगेच पुसला जात नाही. पुस्तक कपाटात तसंच असतं, फक्त सूचीतलं त्याचं कार्ड काढून टाकलेलं असतं. म्हणजे ती जागा आता "रिकामी" समजली जाते. तिथे नवीन पुस्तक ठेवलं, की मात्र जुनं गेलं. माझ्या भावाने वाचवलेले फोटो त्याच कार्डावर ठेवले, म्हणजे अजून न वाचवलेल्या फोटोंच्या डोक्यावर ठेवले.

या कामासाठी फोटोरेक नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ख्रिस्तॉफ ग्रेनिए नावाच्या प्रोग्रामरने ते लिहिलंय. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. त्याच्या वेबसाइटचं नाव सीजीसिक्युरिटी डॉट ऑर्ग. हे पान दिसायला अगदी साधं आहे. चमकणारी बटणं नाहीत, हसरे चेहरे नाहीत. पण त्यावर स्पष्ट बजावलंय की फोटो गेल्याचं लक्षात येताच त्या कार्डावर आणखी काहीही साठवू नका. माझ्या भावाला नेमकं हे एक वाक्य त्या रात्री हवं होतं. ते इंटरनेटवर होतं, फुकट होतं, आणि त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग आजचा खरा प्रश्न असा, की तो तिथपर्यंत कसा पोचला असता?

पहिली गोष्ट, प्रश्न कसा विचारला. "बेस्ट", "फ्री", "डाउनलोड" हे शब्द टाकले, की आपण विकणाऱ्यांच्या बाजारात शिरतो. जाहिरातदार याच शब्दांवर टपून बसलेले असतात. "सर्वोत्तम दहा" अशा याद्या असतात ना, त्यातल्या अनेकांमध्ये प्रत्येक नावामागे दलाली असते. तुम्ही तिथून विकत घेतलंत, की यादी करणाऱ्याला वाटा मिळतो. त्याऐवजी "डिलीट झालेला फोटो कार्डावर कुठे असतो, परत कसा मिळतो" असा कामाचा प्रश्न विचारा. मग समजावून सांगणारी पानं येतात. समजावणारा माणूस शेवटी साधनाचं नावही सांगतो. आणि हो, वर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे. ते ओलांडून खाली या.

दुसरी गोष्ट, नाव कळलं की मूळ घर शोधा. यासाठी सोपा रस्ता म्हणजे विकिपीडिया. सॉफ्टवेअरच्या लेखात बाजूला एक चौकट असते. त्यात ते कोणी केलं, कुठल्या परवान्याखाली, शेवटची आवृत्ती कधी आली आणि अधिकृत वेबसाइट कोणती, हे असतं. विकिपीडिया कोणीही बदलू शकतो, म्हणून दुसरी साक्ष काढा. खुल्या कोडचं सॉफ्टवेअर असेल, तर डेबियनसारख्या लिनक्सच्या भांडारात ते आहे का बघा. तिथे बहुतेक सॉफ्टवेअरच्या पानावर मूळ वेबसाइटचा दुवा दिलेला असतो. फोटोरेक तिथे टेस्टडिस्क या जोडसॉफ्टवेअरबरोबर मिळतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून एकच पत्ता आला, तर तो बहुधा खरा.

काही जण म्हणतात, "पण कुलपाचं चिन्ह होतं की!" ते कुलूप एवढंच सांगतं, की तुमचं आणि त्या वेबसाइटचं बोलणं मधल्यामध्ये कोणी ऐकत नाहीये. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की लबाड, ते कुलपाला ठाऊक नसतं.

व्हीएलसी तुम्ही सगळ्यांनी वापरलं असेल, सिनेमे बघायला. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून 1996 साली त्याची सुरुवात झाली. आज ते व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था चालवते. 2022 साली काही महिने भारतात अनेकांना व्हिडिओलॅनची वेबसाइट उघडतच नव्हती. ती इथे अडवली गेली होती. नोव्हेंबरमध्ये ही आडकाठी उठली. त्या काळात ज्यांना व्हीएलसी हवं होतं त्यांनी काय केलं असेल? मूळ दार बंद दिसलं की माणूस शेजारच्या दारात जातो, आणि तिथे कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं. म्हणून मूळ पत्ता पाठ हवा, आणि शेजारचं दार ओळखता यायला हवं.

आता थोडा इतिहास, कारण त्यातूनच तिसरी गोष्ट निघते. 1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जगातली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली केली. तेव्हा वेबसाइट इतक्या थोड्या होत्या, की त्यांची यादी हाताने ठेवता येत होती. 1994 साली स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या वेबसाइटची विषयवार यादी केली. तीच पुढे याहू झाली. म्हणजे सुरुवातीला माणूस माणसाला सांगत होता, "हे बघ, चांगलं आहे." 1998 साली गूगल आलं. त्यांची मूळ युक्ती अशी, की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक मत. आणि ज्याला स्वतःला खूप मतं आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. म्हणजे बघा, तिथेही पाया माणसांनी केलेल्या शिफारशींचाच होता! पुढे लोक ही मतं खोटी पाडायला शिकले, जाहिराती आल्या, आणि हाताने केलेल्या याद्या एकेक करून मिटल्या. याहूची यादी 2014 साली बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ ही मोठी यादी 2017 साली.

यादी मिटली तरी शिफारस करणारी माणसं अजून आहेत. म्हणून तिसरी गोष्ट अशी: एक चांगला लेखक सापडला, की तो कोणाचं वाचतो ते बघा. आपण नवीन गावात डॉक्टर कसा शोधतो? पाट्या बघत हिंडत नाही. विश्वासाच्या माणसाला विचारतो, "तुम्ही कुणाकडे जाता?" इथेही तेच. चांगल्या ब्लॉगमध्ये दर दोन परिच्छेदांनी कुठेतरी दुवा असतो. त्या दुव्यांवर जा. तीन वेगवेगळी माणसं एकाच चौथ्याकडे बोट दाखवायला लागली, की तो चौथा तुमचा.

माझी वाट सांगतो. संगणकाच्या सुरक्षेसाठी मी ब्रूस श्नायर वाचायला लागलो. ते गुप्तलेखनशास्त्राचे जाणकार, आणि 1998 पासून त्यांचं मासिक वार्तापत्र चालू आहे. सुरक्षेबद्दल वाचता वाचता ब्रायन क्रेब्स भेटले. हे पूर्वी वॉशिंग्टन पोस्टमध्ये पत्रकार होते, 2009 पासून स्वतःचा ब्लॉग लिहितात. डिसेंबर 2013 मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीतून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेल्याची बातमी कंपनीच्या आधी या एकट्या माणसाच्या ब्लॉगवर आली. दुसऱ्या दिवशी कंपनीने मान्य केलं, सुमारे 4 कोटी कार्डं. लिनक्स कसं घडतं ते समजून घ्यायचं असेल, तर एलडब्ल्यूएन हे 1998 पासून चालणारं साप्ताहिक आहे. ते वर्गणीवर चालतं, पण थोड्या दिवसांनी लेख सगळ्यांना मोफत वाचता येतात. आणि ज्यांना प्रोग्रामिंग शिकायचंय, त्यांनी ज्युलिया इव्हान्स वाचाव्यात. "मला हे कळत नव्हतं, मग मी असं करून बघितलं" अशा सुरात त्या लिहितात, आणि छोट्या चित्रपुस्तिकाही काढतात.

या चौघांत काय सारखं आहे? नाव लावून लिहितात. तारीख टाकतात. आणि चुकलं तर दुरुस्ती करतात. कुठलंही नवीन पान उघडलंत, की या तीन गोष्टी बघा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि कधी चूक कबूल केली आहे का. तारीख तर फार महत्त्वाची. आपल्या या विषयात पाच वर्षांपूर्वीचा खरा सल्ला आज घातक ठरू शकतो.

चौथी आणि शेवटची गोष्ट, सापडलेलं हरवू नका. ब्लॉगवर नवीन लेख आला की आपोआप कळावं, यासाठी आरएसएस नावाची सोय 1999 पासून आहे. 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर बंद झाला, तेव्हा पुष्कळांना वाटलं आरएसएस संपलं. तसं काही नाही. तुम्ही पॉडकास्ट ऐकता ना, ते याच सोयीवर चालतात. फीडली, इनोरीडर अशा ठिकाणी आवडत्या ब्लॉगांचे पत्ते टाकून ठेवा. मग काय वाचायचं ते तुम्ही ठरवता. आणि एखादं जुनं पान गायब झालं असेल, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून बघा. 2001 पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि कितीतरी मेलेली पानं तिथे जिवंत आहेत.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही सांगितलेलं सगळं इंग्रजीत आहे. आमच्या मुलांनी काय करायचं?

बाई, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ब्राउझरमधून पानाचं भाषांतर करता येतं. मराठी ओबडधोबड येतं, पण मुद्दा कळतो. मात्र आज्ञा किंवा कोडच्या ओळी कधीही भाषांतरातून उचलू नका, त्या मूळ पानावरून घ्या. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या हातात आहे. ज्याला काही सापडलं त्याने चार ओळी मराठीत लिहून ठेवाव्यात, मूळ दुव्यासकट आणि तारखेसकट. तुमच्या शाळेतल्या मुलांनी आठवड्याला एक असं टिपण लिहिलं, तरी वर्षभरात चांगली वही होईल.

प्रश्न: हल्ली एआयला विचारलं की सगळं सांगतं. मग एवढी यातायात कशाला?

विचारा की, मीही विचारतो. ज्या गोष्टीला काय म्हणतात हेच माहीत नसतं, तेव्हा शब्द कळायला त्याचा फार उपयोग होतो. पण ते कधीकधी अस्तित्वात नसलेल्या वेबसाइटचा पत्ता आणि नसलेल्या सॉफ्टवेअरचं नाव तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. म्हणून त्याच्याकडून नाव घ्या, आणि मग मघाशी सांगितलं तसं मूळ घर स्वतः शोधा. डाउनलोडचं बटण दाबण्याआधी एवढं कराच.

प्रश्न: तुमच्या भावाचं पुढे काय झालं?

तो मुलीच्या वडिलांकडे स्वतः गेला, पैसे परत केले. आता त्याच्या टेबलावर काचेखाली एक कागद आहे, मराठीत लिहिलेला. "फोटो गेले तर कार्ड कॅमेऱ्यातून काढ. त्यावर काही साठवू नको. फोटोरेक. वाचवलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर." आणि खाली वेबसाइटचा पत्ता. गेल्या वर्षी शेजारच्या गावातला एक फोटोग्राफर रडवेला होऊन त्याच्याकडे आला होता. भावाने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि काच उचलून तो कागद त्याच्या हातात दिला.