मिरीच्या दाण्याचा मूळ देश

प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारी काही मुले निवृत्तीनंतर माझ्याकडे अधूनमधून येऊ लागली आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा विषय निघाला की त्यांच्या वहीत रिकार्डो, चालू खाते, जागतिक व्यापार संघटना अशी शीर्षके व्यवस्थित लिहिलेली असतात; मात्र एखादा माल एका देशातून दुसऱ्या देशात नेमका जातो कसा, असे विचारले की शांतता पसरते. अशा वेळी मी स्वयंपाकघरातून काळ्या मिरीचे चार दाणे आणून टेबलावर ठेवतो. या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक म्हणून मला त्याहून चांगले काही सापडलेले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला गोष्ट मागून सुरू करण्याची खोड असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली होती की, हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. व्यापारी तुटीविषयीचा हा बहुधा सर्वांत जुना अग्रलेख म्हणावा लागेल! दुसऱ्या शतकातील एक पपायरस आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या एका बाजूस मुझिरिसच्या, म्हणजे मलबार किनाऱ्यावरील बंदराच्या, व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा करार आहे आणि दुसऱ्या बाजूस ‘हर्मापोलोन’ नावाच्या जहाजावरील मालाची मोजदाद. त्या मालावर अलेक्झांड्रियात २५ टक्के जकात द्यावी लागे. कर्ज, तारण, वाहतुकीची जबाबदारी, मालाचे मूल्यांकन आणि शुल्क हे सारे त्या एका कागदात आहे. आजच्या आयातदाराच्या फाईलीत याहून मूलतः वेगळे असे फारच थोडे असते.

त्या फाईलीत आज एका कागदाची भर पडली आहे, आणि सारा तंटा त्याच कागदाभोवती आहे. तो म्हणजे मालाच्या मूळ देशाचा दाखला.

भारताने श्रीलंकेशी मुक्त व्यापार करार केला तो डिसेंबर १९९८ मध्ये. तो अमलात आला मार्च २००० मध्ये. आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसियान’ गटाशी वस्तुव्यापाराचा करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला. मिरीवरील आपले सर्वसाधारण आयात शुल्क ७० टक्के होते. आसियान देशांसाठी ते टप्प्याटप्प्याने २०१९ अखेर ५० टक्क्यांवर आणायचे ठरले. श्रीलंकेच्या मिरीला मात्र वर्षाला २,५०० टनांपर्यंत शून्य शुल्क आणि त्यापलीकडे, दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली, अवघे ८ टक्के. दरम्यान, जुन्या मलबारी व्यापाऱ्यांच्या खिजगणतीतही नसलेला व्हिएतनाम जगातील सर्वांत मोठा मिरी उत्पादक होऊन बसला होता.

आता सोपे गणित करू. समजा, व्हिएतनामी मिरी किलोला ३०० रुपयांना पडते. ती थेट कोचीला आणली, तर ५० टक्के दराने १५० रुपये शुल्क. तीच कोलंबोमार्गे श्रीलंकेचा दाखला घेऊन आली, तर २४ रुपये किंवा काहीच नाही. मिरीचा दाणा दिसायला सारखाच. करारानुसार मिरीसारखे शेतमालाचे उत्पादन त्या देशाच्या मातीतच पिकलेले असले पाहिजे. पण बंदरावर माती दिसत नाही, कागद दिसतो. वनस्पती तुपाबाबत याच कराराची निराळी तऱ्हा पाहायला मिळाली होती. पाम तेल आग्नेय आशियातून श्रीलंकेत, तेथे त्याचे वनस्पती तूप, आणि ते करमुक्त भारतात.

सेवेत असताना अशा दाखल्यांची एक फाईल माझ्याही टेबलावरून गेली. शिक्के, सह्या, तारखा सारे बिनचूक होते. दाखल्यात लिहिलेली एवढी मिरी एका हंगामात तिथे पिकणे शक्य आहे काय, हा प्रश्न मनात आला होता. तो विचारण्यासाठी त्या फाईलीत रकाना नव्हता. कोणताही शेरा न मारता मी ती पुढे पाठवली. त्या शेऱ्याने फार काही बदलले असते असे नाही, तरी तो मारायला हवा होता, असे आज वाटते.

कारण दुसऱ्या टोकाला वेल लावणारा माणूस आहे. रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडला, तो तर्काला आजही पक्का आहे. मात्र मिरीचा वेल पहिले पीक देण्यासच तीन-चार वर्षे घेतो, आणि पावसाळ्यातील मूळकुजीने तो काही दिवसांत वाळून जातो. इडुक्की-वायनाडचा छोटा शेतकरी किंवा सिल्व्हर ओकवर वेल चढवणारा कोडगूचा कॉफी बागायतदार भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात ‘कापडाकडे’ वळू शकत नाही. २०१६ च्या सुमारास किलोला ७०० रुपयांच्या आसपास असलेला भाव दोन वर्षांत ४०० च्याही खाली गेला, तेव्हा त्याच्यापाशी वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता.

सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये उपाय केला: ५०० रुपये किलोपेक्षा स्वस्त मिरी आयात करता येणार नाही. पुढे मार्च २०१८ मध्ये तशा आयातीवर सरळ बंदीच आली. कागदावर हा भक्कम बांध होता. तथापि बागायतदारांची तक्रार अशी की, ३०० रुपयांच्या मालाचे बिल ५०० रुपयांचे होऊ लागले. ८ टक्क्यांनी त्यावर शुल्क ४० रुपये. म्हणजे माल खरोखर पडला ३४० ला, आणि वरचे २०० रुपये कोणत्या वाटेने परत येतात हे ज्याने-त्याने ओळखावे. सामान्यतः शुल्क चुकवण्यासाठी बिल कमी दाखवतात. इथे ते जास्त दाखवण्यातच फायदा झाला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात आवर्जून सांगावे, असे हे उदाहरण आहे.

यात खलनायक शोधणाऱ्याची मात्र थोडी पंचाईत होते. कोचीच्या परिसरात मिरीचा अर्क, म्हणजे ओलिओरेझिन, काढून जगभर पाठवणारे कारखाने आहेत. त्यांना तिखटपणा अधिक असलेली श्रीलंकेची कच्ची, हलकी मिरी लागते. ती अडवली तर अर्क दुसऱ्या देशात निघेल आणि इथली नोकरी जाईल. म्हणून निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्यांना २०१८ मध्येच किमान किमतीच्या अटीतून वगळावे लागले. एकाच राज्यातील बागायतदार आणि कारखान्यातील कामगार हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. व्यापार धोरण ठरवणाऱ्याची झोप उडते ती इथे.

सप्टेंबर २०२० पासून नवे सीमाशुल्क नियम आले. नुसता दाखला पुरेसा नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो, याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगावी आणि मागितल्यास द्यावी, असे ते सांगतात. माझ्या फाईलीत नसलेला रकाना अखेर आला, एवढे समाधान मला आहे. आसियान कराराच्या फेरआढाव्याच्या वाटाघाटी २०२५ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट दोन्ही बाजूंनी २०२३ मध्ये ठरवले. त्या मेजावर शुल्काच्या टक्क्यांवर घासाघीस होईलच. माझे लक्ष मूळ देशाच्या नियमांच्या परिशिष्टाकडे असेल, जे वर्तमानपत्रांत सहसा छापले जात नाही. मुलांनाही मी तेच आधी वाचायला सांगतो. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीने टेबलावरचा दाणा उचलून विचारले, हा कुठला? कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटा आणलेला होता. मला सांगता आले नाही.