लाइट बिल नेमकं कशाने वाढतं?

कुणी खोलीतला दिवा चालू ठेवून बाहेर गेलं, की घरातली मोठी माणसं लगेच ओरडतात. सवय चांगलीच आहे. पण ९ वॅटच्या एलईडी दिव्याला एक युनिट वीज संपवायला १११ तास लागतात, आणि २,००० वॅटचा गिझर तेवढीच वीज अर्ध्या तासात खातो. बिल वाढवतात ती मुख्यतः तापवणारी आणि थंड करणारी यंत्रं. आपली बरीचशी काटकसर मात्र दिव्यांभोवतीच फिरत राहते.

गिझरबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘इन्स्टंट गिझर ३,००० वॅटचा, म्हणजे बिल जास्त येणार’ हा त्यातला एक. वॅटवरून वीज किती वेगाने खर्च होते ते कळतं. बिल ठरतं ते वॅट आणि वेळ यांच्या गुणाकारावर. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. पाणी गिझरने तापवा की रॉडने, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो टाकीत तापवून ठेवलेल्या पाण्यामुळे. ‘थर्मोस्टॅट आहे, आपोआप बंद होतो’ म्हणून कित्येक घरांत गिझर दिवसभर चालू असतो. तो बंद होतो हे खरं, पण टाकी निवत राहते आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवलं जातं. आंघोळी पाठोपाठ उरकून बटण बंद करणं, हा साधा उपाय कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा आधी करण्यासारखा आहे.

एसी १६ अंशांवर लावला की खोली लवकर गार होते, हीसुद्धा समजूतच. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर १६ लावा की २४, त्याच जोराने चालतो. १६ लावलं तर तो जास्त वेळ चालत राहतो, एवढंच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आणि स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टारचा एसी आजच्या पाच स्टारच्या तोडीचा असेलच असं नाही.

पंख्याचा वेग कमी केला तरी वीज तेवढीच जाते, असं अजूनही ऐकू येतं. जुन्या, डब्यासारख्या रेग्युलेटरमध्ये बरीच वीज उष्णतेत वाया जाई, म्हणून तो समज रुजला. आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वीज खरोखर कमी लागते. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा; रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात.

प्लगमध्ये खोचायच्या ‘वीजबचत’ डब्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नका. त्यात बहुधा एक कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर सुधारेल, पण घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजेच युनिटवर येतं, त्यामुळे बिलात काहीच उतरत नाही. भोळ्या गिऱ्हाइकाची ही उघड फसवणूक आहे.

‘१०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो’ हेही चूक. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटना पहिलाच दर राहतो, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना पुढचा. याचा दुसरा अर्थ फायद्याचा आहे: ३२० युनिट वापरणाऱ्या घराने वाचवलेले पहिले २० युनिट त्याचे सर्वांत महागडे युनिट असतात.

आपल्या घरात वीज कुठे जाते हे मीटरच सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा तिथेच छापलेला असतो. तो ३,२०० असेल आणि मिनिटाला ३२ वेळा लुकलुक दिसली, तर घर त्या क्षणी ६०० वॅट वापरतंय. सगळी बटणं बंद करूनही लुकलुक थांबली नाही, तर एकेक एमसीबी खाली करत जा. ज्याने ती थांबेल त्या वाटेवर एखादं यंत्र चालू राहिलंय किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. गळतीचा संशय असेल तर लगेच वायरमन बोलवा.