कडुनिंबाच्या पानातले भाडेकरू

पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावताना आपण थोडी बुरशीही चावतो, असं सांगितलं की समोरच्याचं तोंड पाल्याआधीच कडू होतं. बुरशी म्हणजे पान किडलेलं, असं आपण धरून चालतो. पण हिरव्यागार, निरोगी पानातही बुरशी मुकाट्याने राहते. तिचे बीजाणू हवेतून येतात आणि दमट दिवसांत रुजून आत शिरतात. म्हणून कोवळ्या पानात ती कमी, जून पानात जास्त.

चेन्नईत मैलापूरला यावर बरंच काम झालं आहे. राजगोपाल आणि टी. एस. सूर्यनारायणन यांचा कडुनिंबाच्या पानांतल्या बुरशीवरचा शोधनिबंध 'करंट सायन्स'मध्ये २००० साली आला. 'पानावरची धूळच मोजली असेल' ही शंका इथे टिकत नाही. पान आधी अल्कोहोलमध्ये आणि ब्लीचच्या द्रावणात बुडवतात, मग निर्जंतुक पाण्याने धुतात. त्याचे नखाएवढे तुकडे करून बटाट्याच्या अर्कावर थिजवलेल्या अगारवर ठेवतात. काही दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरे तंतू डोकावू लागतात. धुतलेलं एखादं पान अगारवर नुसतं दाबून उचलायचं. त्या ठशात काही उगवलं, तर धुणं कच्चं राहिलं.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की झाड औषधी म्हणून त्यातली बुरशीही औषधी. झाडाची पुण्याई भाडेकरूला आपोआप लागत नाही. सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फिलोस्टिक्टा कॅपिटालेन्सिस ही एकच बुरशी एकमेकांशी नातं नसलेल्या कितीतरी झाडांच्या पानांत सापडली. तरीही बुरशी शोधायला जो तो तुळस, अडुळसा, कडुनिंबाकडेच धावतो. मला तर रस्त्याकडेच्या बिननावाच्या झुडपाला डावलणं हाच तोटा वाटतो.

'बुरशीच्या अर्काने जंतू मेले' ही बातमीही जपून वाचावी. जंतू पसरलेल्या बशीत अर्क लावलेल्या चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ पडतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. तसं वर्तुळ ब्लीचनेही पडेल. अर्कातला नेमका रेणू कोणता, तो माणसाच्या पेशींना सोसतो का, रक्तात टिकतो का, हे सगळं पुढेच असतं. शिवाय प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवताना बुरशी कधीकधी तो पदार्थ बनवायचंच सोडून देते.

मग हाती काहीच लागत नाही का? लागतं. जुनिपरच्या पानांवर राहणाऱ्या हॉर्मोनेमा बुरशीत एन्फ्युमाफंगिन नावाचं संयुग सापडलं. त्याच्या रेणूत रासायनिक फेरफार करून आयब्रेक्साफंगर्प हे औषध झालं आणि जून २०२१मध्ये त्याला अमेरिकेत योनीमार्गातल्या कॅन्डिडा संसर्गासाठी मान्यता मिळाली. कॅन्डिडा हीसुद्धा बुरशीच.

राहता राहिला काढा. पाला उकळला की आतली बुरशी मरते, आणि पानात ती असते ती इतकी थोडी, की तिच्या औषधाची मात्रा पेल्यात उतरायची नाही. पाडव्याचा पाला मात्र खुशाल खावा. तसाही तो तिच्यासाठी कोण खातो?