अ‍ॅलाबामाचा काळा पट्टा

माँटगोमेरी, अ‍ॅलाबामा

अमेरिकेच्या दक्षिणेतील ज्या राज्यातून हे वार्तापत्र लिहीत आहे, ते अ‍ॅलाबामा ६७ काउंट्यांत विभागलेले आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असे सांगण्याचा प्रघात असला तरी विस्ताराने ती आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच भरते. अधिकाराने मात्र ती आपल्या जिल्ह्याहून पुष्कळच स्वतंत्र असते. तिचा शेरीफ म्हणजे फौजदार, मृत्युपत्रे व जमिनीचे दस्तऐवज सांभाळणारा प्रोबेट जज्ज, कराची आकारणी करणारा अंमलदार, हे सारे तेथील मतदारच निवडून देतात. त्यामुळे काउंटीत मताचा हक्क कोणाला आहे हे एकदा ठरले, की फौजदार कोणाचा आणि दप्तर कोणाच्या ताब्यात, हेही आपोआप ठरते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हकिकत तिच्याभोवतीच फिरते.

२०२० च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची लोकसंख्या ५०,२४,२७९ असून तीत सुमारे एक चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय आहेत. परंतु हा चतुर्थांश प्रमाण मानून जो गावोगाव तो शोधीत निघेल, त्याला तो क्वचितच आढळेल. ग्रीन आणि मेकन या काउंट्यांत शेकडा ८० च्या आसपास लोक कृष्णवर्णीय आहेत, आणि ग्रीनपासून सरळ रेषेत शंभरेक मैलांवर असलेल्या विन्स्टन काउंटीत त्यांचे प्रमाण शेकडा एकही भरत नाही. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, दोन-अडीच तासांच्या मोटारीच्या वाटेवर लोकवस्ती इतकी आमूलाग्र पालटावी याचे कारण काय, हा प्रश्न येथे आल्या दिवसापासून माझ्या मनात घोळत होता. आणि त्याचे उत्तर मला ग्रंथालयात मिळण्याआधी रस्त्याच्या कडेच्या चिखलात मिळाले.

माँटगोमेरीहून सेल्माकडे जाणारा ८० क्रमांकाचा हमरस्ता लाउंड्स काउंटीतून जातो. रात्रभर पाऊस झाला होता. मोटार कडेला लावून मी शेतात दहा-बारा पावले टाकली असतील-नसतील, तोच बुटांच्या तळव्यांना काळ्या चिकण मातीचे असे जाड थर चढले की पाऊल उचलणे कठीण झाले. वऱ्हाडात ज्याचे बालपण गेले त्याला या मातीची ओळख पटण्यास वेळ लागत नाही. भिजली की पाय धरून ठेवणारी, सुकली की हात हात भेगा पडणारी, कापसाला मानवणारी अशीच ती माती. मात्र जवळच एका ओढ्याच्या ढासळलेल्या काठावर काळ्या थराखाली आपल्यासारखा मुरूम नव्हता, तर करडा-पांढरा खडू होता. आपली काळी जमीन ज्वालामुखीच्या पाषाणाची लेक. ही मात्र समुद्राची. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा किनारा या राज्याच्या मध्यातून जात होता, आणि त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचे जे थर साचत गेले त्यांचा हा खडू झाला, व त्या खडूवर २५-३० मैल रुंदीचा, पश्चिम सरहद्दीपासून पूर्वेकडे कोयत्याच्या पात्यासारखा वळत गेलेला सुपीक जमिनीचा पट्टा तयार झाला. त्याला येथे ब्लॅक बेल्ट म्हणतात. हे नाव आधी मातीच्या रंगावरून पडले, आणि पुढे जेथे कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून अधिक अशा काउंट्यांना ते लागू झाले, असे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ सालच्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. भूगर्भाचा नकाशा आणि शिरगणतीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हींवर तोच कोयता उमटलेला दिसतो.

तथापि माती माणसांना बोलावून घेत नाही, आणि येथे तर माणसे स्वेच्छेने आलीच नव्हती. ही भूमी क्रीक लोकांची होती. १८१४ च्या तहाने त्यांच्याकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर मुलूख काढून घेण्यात आला, आणि १८३६ साली उरल्यासुरल्या क्रीकांना लष्कराच्या पहाऱ्यात मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी होती. परंतु देशातल्या देशात माणसांची खरेदी-विक्री बिनदिक्कत चालू होती, आणि व्हर्जिनिया-मेरीलंडकडील तंबाखूच्या जमिनी निकस होत चालल्या असताना तेथील मालकांना अ‍ॅलाबामाच्या कापसाने एक मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले. १७९० पासून १८६० पर्यंतच्या काळात अशा प्रकारे दहा लाखांच्या आसपास माणसे, आई-मुलांची ताटातूट करून, दक्षिणेकडे नेण्यात आली. मी राहतो त्या शहरात नदीच्या धक्क्यापासून बाजारचौकापर्यंत जाणारा कॉमर्स स्ट्रीट अद्याप आहे; याच रस्त्याने त्यांना साखळीने बांधून लिलावासाठी चालवीत नेत. १८६० च्या खानेसुमारीत राज्याच्या ९,६४,२०१ लोकसंख्येपैकी ४,३५,०८० माणसे गुलाम म्हणून नोंदलेली आहेत, आणि काळ्या पट्ट्यातील डॅलस व मरेंगो या काउंट्यांत तर दर चार माणसांत तिघे गुलाम होते. आजच्या तक्त्यातील ते शेकडा ८० च्या आसपासचे आकडे प्रथम लिहिले गेले ते येथे.

उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, जेथे कापसाचे मोठे मळे होऊच शकत नव्हते, तेथे गुलाम जवळजवळ नव्हते, आणि म्हणून तेथील लहान शेतकऱ्यांना गुलामगिरीसाठी लढण्याचेही कारण नव्हते. विन्स्टनचा प्रतिनिधी ख्रिस्तोफर शीट्स हा तरुण शाळामास्तर १८६१ च्या परिषदेत संघराज्यातून फुटून निघण्याच्या ठरावावर सही करीना, तेव्हा त्याला तुरुंगात टाकण्यात आले. याच विन्स्टनात आज कृष्णवर्णीय नाममात्र आहेत. आणि शेजारच्या कलमन गावात, जे १८७३ साली जर्मन वसाहतकारांनी वसविले, कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबू नये असा अलिखित दंडक पुढे कित्येक वर्षे होता. तेव्हा डोंगरातील हे शून्य सर्वस्वी मातीचे नाही. त्यातील काही भाग मनुष्यांनी पहारा ठेवून राखलेला आहे.

या इतिहासाचा आपल्याशी दुहेरी संबंध आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचा उन्माद माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळून अनेक घराणी धुळीला मिळाली. दुसरा संबंध अधिक उदात्त आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी अ‍ॅलाबामात जुन्या सत्ताधाऱ्यांनी राज्यकारभार परत हस्तगत केला, आणि मुक्त झालेल्यांच्या हक्कांना ओहोटी लागली.

१९०१ ची राज्यघटना ज्या परिषदेने केली, तिच्या अध्यक्षाने गोऱ्यांचे वर्चस्व कायदेशीर मार्गाने स्थापणे हाच हेतू असल्याचे उघड सांगितले होते. अक्षरपरीक्षा, मतपट्टी आणि मालमत्तेच्या अटी यांनी दोन-तीन वर्षांत कृष्णवर्णीय मतदारांची संख्या १,८०,००० वरून ३,००० च्या खाली आणली. मेकन काउंटीतील टस्कीगी येथे, जेथे वॉशिंग्टन यांची विद्यापीठवजा संस्था होती आणि सुशिक्षित कृष्णवर्णीयांना अक्षरपरीक्षेत नापास करणे कठीण जाऊ लागले होते, तेथे १९५७ मध्ये शहराची चौकोनी हद्दच बदलून २८ बाजूंची करण्यात आली, जेणेकरून बहुतेक सर्व कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर पडावेत. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हद्द बेकायदा ठरविली. लाउंड्समध्ये तर १९६५ उजाडले तेव्हा दर दहांत आठ माणसे कृष्णवर्णीय असून मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी ही ५४ मैलांची पदयात्रा याच काउंटीतून गेली आणि ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला; पण ज्या कुळांनी नाव नोंदविले त्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले, आणि त्या कुटुंबांनी हमरस्त्याच्या कडेला तंबूंत दिवस काढले. १९७० साली तेथील कृष्णवर्णीयांपैकीच जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. मला या साऱ्या हकिकतीत तंबूंतील त्या कुटुंबांची धीरोदात्तता सर्वांत मोठी वाटते.

अन्य समाजांविषयी थोडक्यात लिहितो. क्रीकांपैकी जे मागे राहिले त्यांच्या वंशजांची पोर्च येथील जमात एस्कांबिया काउंटीत असून १९८४ मध्ये तिला केंद्र सरकारची मान्यता मिळाली. फ्रँकलिन काउंटीत कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांमुळे मेक्सिको-ग्वाटेमालाकडील लोकांचा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला आहे. मोबील काउंटीच्या किनाऱ्यावर व्हिएतनाम व कंबोडियाचे निर्वासित कोळंबी धरतात, आणि हंट्सव्हिलच्या अग्निबाण-संशोधनाभोवती आपल्या देशातील अभियंत्यांची घरे दिसू लागली आहेत. काळ्या पट्ट्यात मात्र नवे कोणी येत नाही. उलट कापसावरील बोंडकिडा, यंत्रे आणि जुलूम यांना कंटाळून तेथील लाखो लोक बर्मिंगहॅमच्या लोखंडी कारखान्यांकडे आणि पुढे शिकागो-डेट्रॉइटकडे निघून गेले. १९०० साली लाउंड्सची वस्ती ३५,६५१ होती, ती २०२० मध्ये १०,३११ उरली आहे.

मागे राहिले त्यांच्यापैकी एका घराच्या मागील अंगणात मी उभा होतो. संडासाचा नळ भिंतीतून निघून गवतात थेट उघड्यावर सोडलेला होता आणि पलीकडे मुलांचा झोपाळा होता. या चिकण मातीत साध्या शोषटाकीचे पाणी जिरत नाही. जी टाकी चालेल तिला हजारो डॉलर पडतात, आणि तेवढे पैसे येथे कोणापाशी नाहीत. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे दारिद्र्यविषयक निवेदक फिलिप अल्स्टन यांनी हे स्वतः येऊन पाहिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांची येथे पायमल्ली होते काय, याची चौकशी केंद्राच्या न्याय खात्याने केली, आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याच्या आरोग्य खात्याशी सुधारणेचा करार झाला. एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने तो करार रद्द केला. पर्यावरणाच्या प्रश्नाकडे वंशाच्या दृष्टीने पाहणे यापुढे मान्य नाही, असे कारण दिले.

हे कारण मला सर्वथा चुकीचे वाटते. ही माती आणि ही माणसे लाउंड्समध्ये एकत्र का आहेत, याची नोंद १८६० च्या गुलामांच्या यादीत आहे. त्या यादीत मालकांची नावे पूर्ण दिली आहेत; गुलामांचे केवळ वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला आहे. ती यादी वॉशिंग्टन शहरात, त्याच केंद्र सरकारच्या दप्तरखान्यात आहे.