विश्लेषण : सीईओचा पगार कामगाराच्या फक्त २० पट! कोण होते ‘हर्मन मिलर’चे मॅक्स डी प्री?

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागले की त्यातला एक आकडा हमखास चर्चेत येतो. सर्वोच्च अधिकाऱ्याचे वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हा तो आकडा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणारा पगार म्हणजे मध्यक वेतन. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ नुसार हे गुणोत्तर जाहीर करावेच लागते. बड्या आयटी कंपन्यांत ते शेकड्यांत असते. हिंजवडीतला फ्रेशर ते वाचतो, ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि कामाला लागतो. कायदा आकडा सांगायला लावतो, आटोक्यात ठेवायला नाही.

अमेरिकेतल्या एका फर्निचर कंपनीने मात्र असा कायदा नसतानाही स्वतःवर मर्यादा घालून घेतली होती. ती कंपनी म्हणजे हर्मन मिलर आणि त्या काळातले तिचे प्रमुख मॅक्स डी प्री.

कोण होते मॅक्स डी प्री?

२८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगन राज्यातल्या झीलँड या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील डी. जे. डी प्री १९०९ मध्ये स्थानिक फर्निचर कारखान्यात कारकून म्हणून लागले. १९२३ मध्ये सासऱ्यांच्या मदतीने त्यांनी तोच कारखाना विकत घेतला आणि त्याला सासऱ्यांचे नाव दिले : हर्मन मिलर. जावयाने कंपनीला सासऱ्याचे नाव द्यावे, हे आपल्याकडेही विरळाच.

पुढे जॉर्ज नेल्सन, चार्ल्स आणि रे इम्स अशा डिझायनरांनी या कंपनीला जगात ओळख मिळवून दिली. १९५६ ची इम्स लाउंज खुर्ची त्यातलीच. डिझायनरला मोकळे सोडायचे, त्याच्या कामात विक्री विभागाने कात्री लावायची नाही, ही शिस्त वडिलांनी घालून दिली होती. थोरले बंधू ह्यू यांच्यानंतर १९८० मध्ये मॅक्स सीईओ झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. ८ ऑगस्ट २०१७ रोजी, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यंत्र सांभाळणारा माणूस कवी निघतो तेव्हा...

मॅक्स यांच्या ‘लीडरशिप इज ॲन आर्ट’ या पुस्तकातला एक प्रसंग त्यांचा स्वभाव समजायला पुरेसा आहे. १९२० च्या दशकात कारखान्यात प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. एकच वाफेचे इंजिन, त्यावर फिरणारा लांब शाफ्ट आणि तिथून पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत. मेकॅनिकलवाल्यांना बेल्ट ड्राइव्हची गणिते आठवली असतील. हा सगळा पसारा सांभाळणारा कारागीर एक दिवस वारला. मालक म्हणून डी. जे. त्याच्या घरी भेटायला गेले. त्याच्या पत्नीने काही कविता वाचून दाखवल्या. कोणाच्या, असे विचारले तेव्हा कळले, त्या त्याच कारागिराच्या होत्या.

इतकी वर्षे रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, ही गोष्ट वडिलांना लागली आणि मुलाने ती आयुष्यभर सांगितली. मॅक्स यांच्या मते नेता हा सोबतच्या माणसांचा देणेकरी असतो. असे बोलणारे साहेब पुष्कळ असतात. यांनी ते पगारपत्रकात आणले.

‘२० पट’चा नियम काय होता?

सीईओचा पगार कारखान्यातल्या सरासरी कामगाराच्या पगाराच्या २० पटींहून जास्त असणार नाही, एवढाच. पण त्याचे गणित पाहा. समजा कामगाराचा सरासरी पगार २५ हजार रुपये आहे. मग सीईओला कमाल पाच लाख. त्याला सहा लाख हवे असतील, तर आधी कामगारांची सरासरी ३० हजारांवर न्यावी लागेल. म्हणजे वरच्याची वाढ खालच्याच्या वाढीला बांधलेली.

याच्या जोडीला ‘स्कॅनलन योजना’ होती. ती कंपनीने १९५० मध्येच स्वीकारली होती. पोलाद कारखान्यातले कामगार नेते जोसेफ स्कॅनलन यांची ही कल्पना. खर्च कुठे वाचेल, काम कसे सुधारेल हे कामगारांनी सुचवायचे आणि त्यातून झालेला फायदा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. १९८३ मध्ये कर्मचारी कंपनीचे भागधारकही झाले.

‘चंदेरी पॅराशूट’ कशासाठी?

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कंपन्या बळजबरीने ताब्यात घेण्याची लाट होती. अशा वेळी मोठ्या साहेबांना घसघशीत रक्कम मिळण्याची तजवीज आधीच करून ठेवलेली असे. तिला म्हणत ‘सोनेरी पॅराशूट’. कामगार मात्र विनापॅराशूट खाली! हर्मन मिलरने १९८६ मध्ये दोन वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या सर्वांनाच असे संरक्षण दिले. कंपनी बळकावली गेली आणि त्यात नोकरी गेली, तर भरपाई मिळणार. ते ‘चंदेरी’ पॅराशूट. यात उदारपणा होता तसा व्यवहारही होता. इतक्या जणांना पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर कंपनी गिळायला येणाराही दोनदा विचार करणार.

पुढे काय झाले?

मॅक्स हे डी प्री घराण्यातले शेवटचे सीईओ. २० पटींची मर्यादा पुढे टिकली नाही. २००१ नंतरच्या मंदीत तर कंपनीने हजारो माणसे कमी केली. म्हणजे इतके सगळे प्रमुखाच्या इच्छेवर उभे होते का, हा प्रश्न उरतोच, आणि मॅक्स यांच्या चाहत्यांनाही तो टाळता येत नाही. २०२१ मध्ये हर्मन मिलरने ‘नॉल’ ही स्पर्धक कंपनी विकत घेतली. आता नाव आहे मिलरनॉल.

भारताशी एक धागा आहे, तो डिझायनरांमार्फत. कंपनीचे चार्ल्स आणि रे इम्स केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. १९५८ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी उत्तम डिझाइनचा नमुना म्हणून कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली.