कोऱ्या कॅनव्हासला आधी रंग का द्यायचा?

(हातकणंगले इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की यात तासभर बोलण्यासारखं आहे काय? कॅनव्हासवर एक हात मारायचा आणि कामाला लागायचं. खरंय, काम दहा मिनिटांचंच आहे. पण त्या दहा मिनिटांत जे चुकतं ते पुढं पंधरा दिवस सावरत बसावं लागतं, आणि कधीकधी चित्र तीन वर्षांनी आपल्याच दारात परत येतं. तशा परत आलेल्या एका चित्राबद्दल मी सांगणार आहे. पण आधी हे बघा.

इथं दोन कॅनव्हास ठेवलेत. एक दुकानातून आणला तसाच, पांढराशुभ्र. दुसऱ्यावर मी परवा पातळ तपकिरी रंग लावून चिंधीनं पुसून घेतलाय. आता पॅलेटवर एकच हिरवा कालवतो, उसाच्या सरीत सावलीला असतो तसला. या ब्रशनं एक फटकारा इथं, एक तिथं. मागच्या रांगेतले सांगा, कुठला जास्त गडद दिसतोय?

(श्रोत्यांतून : पांढऱ्यावरचा.)

बरोबर. रंग तोच, ब्रश तोच, हातही तोच. आपला डोळा रंग एकटा कधी बघत नाही, शेजाऱ्याशी तुलना करूनच बघतो. शेजारी लख्ख पांढरा असला की मध्यम हिरवासुद्धा काळपट वाटतो. इचलकरंजीची मंडळी इथं बसलीत, त्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये गोबेलिन्स म्हणून गालिचे आणि भिंतीवरचे पट विणणारा सरकारी कारखाना होता. तिथल्या रंगाईखात्यावर शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. त्यानं तपासलं तर रंगाईत काही खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या शेजारी जो दुसरा धागा विणला जात होता, त्यामुळं काळा फिका दिसत होता. त्यावर त्यानं १८३९ साली जाडजूड पुस्तक काढलं आणि पुढं चित्रकारांनी ते उचलून धरलं. म्हणजे बघा, चित्रकारांचा हा धडा निघाला विणकामातून.

आता पांढऱ्या कॅनव्हासवर नवशिक्याचं काय होतं? पहिला फटकारा मारला की तो त्याला गडद वाटतो. मग तो त्यात पांढरा मिसळतो. दुसरा फटकारा, पुन्हा पांढरा. असं करत अख्खा कॅनव्हास भरतो. शेवटी कोरी जागा उरत नाही, तुलना करायला तो लख्ख पांढरा उरत नाही, आणि मग लक्षात येतं की सगळं चित्र पिठूळ झालंय. सावलीला वजन नाही, उन्हाला धार नाही. पोरगं म्हणतं, “सर, माझा रंगच स्वस्तातला आहे.” रंगाचा दोष नसतो. पहिल्या तासात ज्या जमिनीवर उभं राहून त्यानं निर्णय घेतले, ती जमीनच फसवी होती.

म्हणून जमिनीला आधी मधला टोन द्यायचा. धड उजेड नाही, धड अंधार नाही, असा. त्यावर गडद लावला तर गडद दिसतो, फिका लावला तर फिका दिसतो. गवई गायच्या आधी तंबोरा जुळवतो, तसंच. सूर वर गेला की खाली हे कळायला मध्ये काहीतरी धरून ठेवलेलं लागतं. शिवाय एक साधा फायदा आहे, ज्याबद्दल पुस्तकं फार बोलत नाहीत: कोऱ्या पांढऱ्याची भीती जाते. महागाचा कॅनव्हास आहे, बिघडला तर काय, म्हणून हात आखडतो. एकदा चिंधीनं तो मळवला की हात सुटतो.

ही युक्ती काही नवी नाही. व्हेनिसच्या चित्रकारांनी रंगीत जमिनीवर भरपूर काम केलं. रूबेन्स लाकडी फळीवरच्या पांढऱ्या अस्तरावर करड्या-तपकिरी रंगाचे पातळ पट्टे ओढायचा. त्याच्या कित्येक चित्रांत ते पट्टे आजही सावलीच्या भागात दिसतात, त्यानं ते झाकलेच नाहीत. वेलास्केसनं सेव्हिलमध्ये असताना गडद तपकिरी जमीन वापरली आणि पुढं माद्रिदला गेल्यावर ती फिकी, करडी करत नेली. कॉन्स्टेबल उघड्यावर ढग आणि झाडं रंगवायचा तेव्हा त्याची जमीन बहुधा तांबूस-तपकिरी असायची. पानांच्या हिरव्यातून ती मध्येमध्ये डोकावते आणि हिरवा जिवंत होतो. हे लक्षात ठेवा, आपल्या उसाला ते लागणार आहे.

पण हा नियम आहे असं समजू नका. इम्प्रेशनिस्टांनी पुन्हा पांढरी आणि फिकी जमीन पसंत केली, कारण त्यांना सगळं चित्रच उजळ हवं होतं. आपल्याकडं अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर पांढरा पातळ थर देऊन मग रंगवलंय आणि त्याला कुणी नावं ठेवणार नाही. तिथली पद्धतच वेगळी, रेषेवर उभी राहिलेली. छायाप्रकाशात, जाड रंगात काम करायचं असेल तेव्हा मधला टोन उपयोगी पडतो. एवढंच माझं म्हणणं आहे.

कोल्हापूरकडं ही पद्धत आली ती मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या वाटेनं. आबालाल रहिमान तिथं शिकून आले आणि पुढं शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले. रंकाळा, कोटितीर्थ हा त्यांचा परिसर. १९३१ साली ते गेले. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांची गोष्ट वेगळी. ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत मोठे झाले. एवढ्या अवाढव्य कापडावर कोपऱ्यातून एकेक पान भरत बसणारा माणूस कधी पुराच होणार नाही. आधी आभाळाचा, जमिनीचा मोठा रंग पसरायचा आणि मग त्यात तपशील शोधत जायचं. कोल्हापूरच्या हाताला ही मोठ्यातून लहानाकडं यायची सवय पडद्यांनी आणि पुढं सिनेमाच्या बोर्डांनी लावली, असं माझं मत आहे. टाऊन हॉल म्युझियममध्ये गेलात तर चित्राच्या मधोमध बघू नका, कडेला बघा. चौकटीजवळ, जिथं चित्रकाराचा हात घाईनं फिरलेला असतो, तिथं खालची जमीन सापडते. चित्र कसं सुरू झालं ते तिथं वाचता येतं.

आता रंग कुठला? बहुतेक पोरं बर्न्ट सिएना लावतात, कारण व्हिडिओत तो लावतात. जरा थांबा. बाहेर नजर टाका. आळत्याकडं, रामलिंगाच्या डोंगराच्या पायथ्याला, वर्षातले आठ-नऊ महिने काय दिसतं? ऊस. हिरव्याच्या पुढं हिरवा. नुसता हिरवा रंगवत गेलात तर चित्राची भाजी होते. तिथं तांबूस जमीन कामाची. हिरव्याच्या विरुद्ध तांबडा, त्यामुळं फटकाऱ्यांच्या फटीतून तो दिसला की हिरवा थरथरतो. बर्न्ट सिएना चालेल, साधी काव असते तसला लाइट रेडही चालेल. पण तोच ऊस हिवाळ्यात तुऱ्यावर येऊ द्या. संध्याकाळचं ऊन पाठीमागं, तुरे चंदेरी, खाली वाळलेला पाला. तिथं तांबडी जमीन घेतलीत तर ती चंदेरी छटा मरते. मग रॉ अंबरमध्ये थोडा निळा घालून थंड करडी जमीन घ्या. म्हणजे जमिनीचा रंग डबीवर बघून ठरत नाही, समोर काय आहे आणि कुठला प्रकाश आहे यावरून ठरतो.

माणसाच्या चेहऱ्याला तर आणखी जपायला हवं. आपण वाचतो ती पुस्तकं युरोपातल्या गुलाबी कातडीसाठी लिहिलेली आहेत. तिथं खाली हिरवट छटा देतात, वरच्या गुलाबीला उठाव यावा म्हणून. आपल्या उन्हात राबलेल्या सावळ्या चेहऱ्याला ते जसंच्या तसं लावलं तर माणूस आजारी दिसतो. आणि बर्न्ट सिएनावर रंगवलं तर चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल होत जातो. मी रॉ अंबर आणि यलो ऑकर मिसळून, पुष्कळसा पुसून घेतो. गालाकडून मानेकडं वळताना जी मधली छटा लागते ती बऱ्याचदा तशीच उघडी सोडता येते. कमीत कमी रंगात चेहरा उभा राहतो.

आता ते परत आलेलं चित्र. मी नुकताच शिकून आलो होतो. जवळच्याच एका गावातून वारलेल्या आजींचं पोर्ट्रेट करायचं काम आलं. घरात त्यांचा एकच फोटो, तोही एका लग्नाच्या ग्रुपमधला, पदर डोक्यावर, अर्धा चेहरा सावलीत. मी जोशात जमीन गडद घेतली: आयव्हरी ब्लॅक, बर्न्ट सिएना, आणि चकाकी यावी म्हणून जवसाचं तेल सढळ हातानं. तारीख द्यायची होती. चार दिवसांत जमीन हाताला चिकटत नव्हती, म्हणून त्यावर टर्पेंटाईननं पातळ केलेल्या रंगात चेहरा सुरू केला. चित्र झालं, घरच्यांना आवडलं, सोप्यात लागलं. तीन वर्षांनी आजींचा मुलगा चित्र पोत्यात गुंडाळून घेऊन आला. कपाळावर आणि डाव्या गालावर भेगा, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ फुटतो तशा. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “आईच्या तोंडाला असं का झालं?”

का झालं ते सांगतो. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा वाळत नाही. टर्पेंटाईन उडून जातं, पण तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जातं. आयव्हरी ब्लॅक मुळातच तेल जास्त पितो आणि सावकाश सुकतो, त्यात मी वरून तेल ओतलं. वरचा पातळ थर आधी कडक झाला, खालचा अजून हलत होता. खालचा हलला की वरचा फुटणारच. म्हणून आपल्याकडं शिकवतात की खाली कोरडं, वर तेलकट. जमीन म्हणजे सगळ्यात खालचा थर, तेव्हा तिच्यात तेल सगळ्यात कमी हवं.

दुसरी चूक मला फार पुढं कळली. तेलाचा थर जसा जुना होतो तसा जास्त पारदर्शक होत जातो आणि खालची जमीन वर येऊ लागते. सतराव्या शतकातली गडद जमिनीवरची कितीतरी चित्रं याच कारणानं आज काळवंडलेली दिसतात. चित्रकारानं ती इतकी काळी रंगवली नव्हती. म्हणून जमीन मधल्या टोनपेक्षा जराशी फिकीच ठेवा. आज थोडं कमी नाट्य दिसेल, पण तुमच्या नातवाला चेहरा दिसेल.

कृती थोडक्यात सांगतो. तयार कॅनव्हास असेल तर त्यावर बहुधा ॲक्रिलिकचं अस्तर असतं. अठरा बाय चोवीस इंचाला भुईमुगाच्या दोन-तीन दाण्यांएवढा रॉ अंबर पुरतो. तो टर्पेंटाईनमध्ये पातळ करा, रुंद ब्रशनं पसरा आणि जुन्या सुती बनियनच्या चिंधीनं पुसून घ्या. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल लागलेली चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. रॉ अंबर सुचवतो कारण त्यात मँगनीज असतं, तो लवकर सुकतो. तरी आठवडाभर थांबा आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. पांढरं फडकं चोळून बघा, रंग लागला नाही तर पुढं जा. घाई असेल तर सरळ ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून लावा, तासाभरात काम सुरू करता येतं. ॲक्रिलिकवर तेल चालतं. तेलावर ॲक्रिलिक मात्र कधीच नाही.

बोला, काही विचारायचंय?

(श्रोता : सर, इचलकरंजीत मागावरचं कोरं कापड स्वस्त मिळतं. त्यावर थेट तेलरंगाचा टोन दिला तर?)

कापड चालेल. आपल्यापैकी पुष्कळांनी मांजरपाटावरच हात बसवलाय. घट्ट विणीचं, गाठी नसलेलं घ्या, धुऊन खळ काढा, चौकटीवर ताणा. पण थेट तेल नको. तेल सुताला लागलं की काही वर्षांत सूत कुजतं, बोटानं दाबलं तरी फाटतं. आधी सरसाचा किंवा ॲक्रिलिकचा एक बंद करणारा हात, मग पांढऱ्या प्रायमरचे दोन हात, आणि त्यानंतर टोन.

(श्रोता : आणि त्या आजींच्या चित्राचं काय केलंत?)

पुन्हा रंगवलं. नवा कॅनव्हास, रॉ अंबरची जमीन, महिनाभर थांबून. पैसे घेतले नाहीत. जुनं चित्र मी मागून घेतलं, ते माझ्या खोलीत आहे. शिकायला नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी मी त्याला त्या भेगांवरून बोट फिरवायला लावतो.