वाळवंटात काटकसर कोणत्या पाण्याची?

माघ महिना आला की आपल्याकडची अनेक कुटुंबे राजस्थानच्या सहलीला निघतात. जैसलमेरचा मरु महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो. तो पाहायचा आणि शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम येथील वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत राहायचे, असा बहुतेकांचा बेत असतो.

काही वर्षांपूर्वी अशा सहलीहून परतलेले एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. बाईंना थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ. "डॉक्टर, तिथे पाणी कमी, आणि रात्री तंबूबाहेर जायची भीती. म्हणून मी पाणीच बेताने प्याले," त्या म्हणाल्या. यजमानांना जुलाब. ते रोज दोन बादल्यांनी आंघोळ करीत, पण जेवणाआधी हात नुसते रुमालाला पुसत! एकाच तंबूतल्या दोघांनीही नको तिथे काटकसर केली होती.

जैसलमेर भागात वर्षाला सरासरी वीस सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या 'टांके' म्हणजे जमिनीखालची टाकी बांधून पावसाचे पाणी साठवत आले. अशा ठिकाणी पाहुण्याने पाणी जपून वापरलेच पाहिजे. मात्र कुठले जपायचे, हे समजून घ्यावे.

पिण्याचे पाणी कमी करू नये. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे तो आल्याचे कळत नाही. त्यात थंडीमुळे तहान लागत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद झाली तर कमी पडते आहे असे समजावे. लघवी तुंबवून ठेवू नये. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हात साबणानेच धुवावेत. जेवणाआधी, शौचानंतर आणि उंटाला हात लावल्यावर तर नक्कीच. हात ओले करून तांब्या खाली ठेवावा, वीस सेकंद साबण चोळावा, मग धुवावे. अर्धा तांब्या पाणी पुरते. धुळीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही.

काटकसर करायची ती आंघोळीत. दोन दिवस डोक्यावरून पाणी घेतले नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही. दोन लिटर कोमट पाण्यात पंचा भिजवून पिळावा. आधी तोंड व मान, मग काखा, शेवटी जांघा आणि पाय पुसावेत. साबण फक्त काखा, जांघा व पायांना लावावा. सगळ्या अंगाला लावल्यास कोरड्या हवेत खाज सुटते. पुसून झाल्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. आतले कपडे सुती असावेत व रोज बदलावेत. केस रुमालाने बांधून ठेवले की धुवावे लागत नाहीत. मधुमेहींनी वाळूत अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. पाळीच्या काळातले पॅड वाळूत पुरू नयेत, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकावेत.

जुलाब लागलेच तर जलसंजीवनीची पुडी जवळ असावी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडू लागले किंवा ग्लानी आली तर तंबूत थांबू नये, जैसलमेरला दवाखाना गाठावा.

ते जोडपे आठ-दहा दिवसांत बरे झाले. पुढे उन्हाळ्यात आपल्या गावाला चार दिवसांआड नळ येऊ लागला, तेव्हा यजमान भेटले. म्हणाले, "डॉक्टर, आता आंघोळ अर्ध्या बादलीत आणि हात मात्र साबणाने." हाच धडा ते सहलीला निघण्याआधी शिकले असते, तर बाईंचा ताप आणि त्यांचे जुलाब, दोन्ही टळले असते.